इंजेक्शननंतरचा थकवा

न्यू जर्सीहून एका काकूंनी विचारलंय: दम्यासाठी मेपोलिझुमॅबचं इंजेक्शन सुरू केल्यापासून रात्रीची धाप थांबली, पण नंतरचे दोन दिवस अंग अगदी गळून जातं. बंद करू का?

काकू, मनाने बंद करू नका. अमेरिकेत या औषधाबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात थकवा नोंदलेला आहे. पण चाचण्यांमध्ये औषध घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे ५ जणांना तो जाणवला, आणि औषध नसलेली सुई टोचलेल्यांपैकीही ४ जणांना! म्हणजे दोष दरवेळी इंजेक्शनचाच असेल असं नाही.

खरी काळजी प्रेडनिसोनची. बरीच वर्षं ही गोळी चालू असली की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवायचं कमी करतं. इंजेक्शनने बरं वाटलं की आपली माणसं परस्पर गोळी अर्धी करतात. मग थकवा, चक्कर, मळमळ. असं होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. गोळी हळूहळू आणि त्यांच्याच सांगण्यावरून कमी करायची असते. रोजचा इनहेलरही सोडू नका.

दर चार आठवड्यांच्या इंजेक्शनची तारीख आणि थकव्याचे दिवस कॅलेंडरवर लिहा. मेळ बसला तर शुक्रवारी संध्याकाळची वेळ मागा, शनिवार-रविवार हाताशी राहतो. मेळ नसेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि शाकाहारी असाल तर बी-१२ तपासायला सांगा.

चेहरा सुजला, अंगावर पित्त उठलं, श्वास अडकला, तर मात्र वाट न पाहता ९११.