कान्हेरीच्या कातळावर गणिताचा तास

“माझ्या बापाला शाळेच्या बाहेर बसवायचे. तुम्ही परत पोरांना बाहेर कशाला काढता?” मुंबईतल्या एका वस्तीतील सहावीच्या मुलांना कान्हेरी लेण्यांवर न्यायचे ठरले, तेव्हा एका आजीने मला हा प्रश्न विचारला.

प्रश्न रास्त होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. पण वर्गात त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर कोपऱ्यात बसावे लागे आणि शिपायाने नळ उघडला तरच पाणी मिळे. असा इतिहास असलेल्या समाजाला ‘वर्गाबाहेर’ हा शब्द टोचणारच. म्हणून मुलांना बाहेर नेणाऱ्या कार्यकर्त्याने दोन प्रश्नांची उत्तरे आधी तयार ठेवावीत. तिथे मुले काय शिकणार? आणि सगळी मुले बरोबरीने शिकणार का?

पहिल्याचे उत्तर कान्हेरीतच आहे. तिथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि बहुतेक लेण्यांजवळ कातळात खोदलेले पाण्याचे टाके आहे. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे. मुलांना एकच प्रश्न द्यावा: डोंगरावर राहणाऱ्या भिक्खूंना पाणी कुठून मिळत असेल? मुले कातळातल्या चऱ्या शोधतात, उतार पाहतात, नकाशा काढतात. मग गणित. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद कातळावर वीस मिलिमीटर पाऊस झाला तर? हजार लिटर. क्षेत्रफळ कशासाठी शिकायचे, हे मुलांना तिथे वेगळे सांगावे लागत नाही.

इतिहासही समोरच आहे. ब्राह्मी लेखांत कल्याण, सोपारा, नाशिक इथल्या दात्यांची नावे आहेत. त्यांत व्यापारी आहेत, कारागीर आहेत, भिक्खुणीही आहेत. लेणी फक्त राजांनी खोदवली, हा समज तिथेच गळून पडतो. धम्माला ‘एहिपस्सिक’, म्हणजे ‘या आणि पाहा’ असे म्हटले जाते. शिकण्यालाही तेच लागू आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या नियोजनात असते. गट चिठ्ठ्या टाकून पाडा, म्हणजे कोणी एकटे पडत नाही. वर्गणीमुळे एकही मूल घरी राहता कामा नये. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वास्तूंमध्ये पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नसते. राष्ट्रीय उद्यानाचा प्रवेश आणि बसचा खर्च मात्र धरावा लागतो. पाणी आणि जेवण सर्वांचे एकत्र ठेवा. चालायला त्रास होणाऱ्या मुलाला झेपेल अशीच लेणी निवडा. पालकांची लेखी संमती घ्या, प्रथमोपचाराची पेटी जवळ ठेवा, टाक्यांच्या काठाशी कोणाला जाऊ देऊ नका, भिंतींना हात लावू देऊ नका. सोमवारी उद्यान बंद असते.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मुलांना लिहायला बसवा. ते राहिले तर उरते ती फक्त सहल.

आमच्या वर्गाने नकाशे काढले आणि वस्तीतल्या विहारात लावले. आजीच्या नातीने तिला बोट ठेवून दाखवले, पाणी कुठून येते आणि कुठे साठते. आजी बराच वेळ नकाशासमोर उभी होती. मग म्हणाली, “पुढच्या वेळी मलाही न्या.”