ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

ऑक्टेन क्रमांक हा पेट्रोलच्या सहनशक्तीचा आकडा आहे. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण पिस्टन दाबत वर नेतो. ठरलेल्या क्षणी स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ज्वाळा एका बाजूने दुसरीकडे शिस्तीत पसरते. दाब आणि उष्णता प्रमाणाबाहेर गेली, तर ज्वाळा पोचण्याआधीच कोपऱ्यात उरलेले मिश्रण आपले आपण पेटते. अशा वेळी इंजिनातून पत्र्यावर खडे पडल्यासारखा टकटक आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. नॉकिंग जोरात आणि बराच काळ होत राहिले, तर पिस्टनला इजा होते. किती दाब सोसूनही पेट्रोल ठिणगीची वाट पाहत थांबू शकते, एवढेच ऑक्टेन क्रमांक सांगतो. पेट्रोलमध्ये ऊर्जा किती, ते किती शुद्ध आणि त्यावर गाडी किती पळेल, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

ही मोजपट्टी 1926 च्या सुमारास अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांच्या कामातून आली. सहज न पेटणाऱ्या आयसो-ऑक्टेन या द्रवाला 100 गुण दिले गेले आणि लगेच पेटणाऱ्या नॉर्मल हेप्टेनला शून्य. 91 ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे चाचणीच्या इंजिनात 91 भाग आयसो-ऑक्टेन आणि 9 भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागणारे पेट्रोल. त्यात ‘91 टक्के ऑक्टेन’ असते असा अर्थ काढला जातो, पण तो चूक आहे. 100 ही या पट्टीची शेवटची पायरीही नाही. इथेनॉलचा क्रमांक 108 च्या पुढे जातो.

अमेरिकेतून सुटीवर आलेले पाहुणे तिकडे 87 चे पेट्रोल भरतात असे सांगतात, तेव्हा ऐकणाऱ्याला ते पेट्रोल हलके वाटते. प्रत्यक्षात तिकडची मोजणी वेगळी आहे. भारतात आणि युरोपात ‘रिसर्च ऑक्टेन’ हा आकडा सांगतात, तर अमेरिकी पंपावर दोन चाचण्यांची सरासरी लिहिलेली असते. तिथले 87 म्हणजे आपल्याकडचे साधारण 91.

‘महागडे पेट्रोल म्हणजे जोरदार पेट्रोल’ हा समज मात्र खोल रुजला आहे. त्यामागे थोडा इतिहासही आहे. 1921 मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना आढळले की टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये किंचित घातले तरी नॉकिंग थांबते. त्यानंतर जास्त दाबाची, जोरदार इंजिने बांधता आली आणि त्यांना जास्त ऑक्टेनचे पेट्रोल लागू लागले. जोर इंजिनाच्या रचनेतून येत होता, पण श्रेय पेट्रोलच्या पदरात पडले. ते शिसे विषारी निघाले. भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, पण त्या काळात रुजलेला समज गेला नाही.

लिटरमागे मिळणारी ऊर्जा पाहिली, तर साध्या आणि प्रीमियम पेट्रोलमध्ये नाव घेण्याजोगा फरक नसतो. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने 2016 मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या चार, सहा आणि आठ सिलिंडरच्या गाड्यांमध्ये दोन्ही इंधने घालून चाचण्या घेतल्या. शक्ती, ॲव्हरेज आणि धूर या तिन्हींत अर्थपूर्ण सुधारणा आढळली नाही. अमेरिकी वाहनचालकांनी वर्षभरात 2 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम अशा अनावश्यक पेट्रोलवर घालवल्याचा अंदाज त्याच संस्थेने मांडला. पुढच्या वर्षी तिने प्रीमियमची शिफारस असलेल्या, पण सक्ती नसलेल्या गाड्या तपासल्या. तिथे ॲव्हरेज सरासरी 2.7 टक्के आणि अश्वशक्ती 1.4 टक्के वाढली. म्हणजे जिथे फायदा होतो, तिथेही तो दरातल्या फरकाला पुरत नाही.

हाच हिशेब बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेडच्या एखाद्या मोटरसायकलला लावता येतो. समजा, साधे पेट्रोल 105 रुपये आणि प्रीमियम 113 रुपये लिटर आहे. लिटरला 60 किलोमीटर ॲव्हरेज देणाऱ्या शंभर सीसीच्या गाडीने महिन्याला 900 किलोमीटर धाव घेतली, तर 15 लिटर लागतात. जादा खर्च महिन्याला 120 रुपये, वर्षाला 1,440 रुपये. तो भरून निघायला ॲव्हरेज साडेसात टक्क्यांहून अधिक वाढून साडेचौसष्टच्या वर जायला हवे. दहाच्या आसपास संपीडन गुणोत्तर (म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा) असलेल्या अशा इंजिनात केवळ ऑक्टेनमुळे इतकी वाढ होत नाही. लिटरला 18 किलोमीटर देणारी मोटार वर्षाला 10,000 किलोमीटर चालली, तर जादा खर्च साडेचार हजारांच्या घरात जातो. तेवढ्यात बहुतेक लहान गाड्यांचे इंजिन ऑइल आणि एअर फिल्टर बदलून होतात, आणि इंजिनाला त्यांचा उपयोग नक्की होतो.

पंपावरच्या नावांमुळे गोंधळ आणखी वाढतो. ‘प्रीमियम’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे साध्याच ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये इंजिन साफ ठेवणारी रसायने घालून विकलेले ब्रँडेड पेट्रोल. भारत पेट्रोलियमचे ‘स्पीड’ आणि हिंदुस्तान पेट्रोलियमचे ‘पॉवर’ ही नावे गेल्या वीस-बावीस वर्षांत या प्रकारातूनच घरोघरी पोचली. दुसरी म्हणजे खरोखर जास्त ऑक्टेनचे पेट्रोल: इंडियन ऑइलचे एक्सपी-95, हिंदुस्तान पेट्रोलियमचे पॉवर-95 आणि त्यांच्याही वरचे 99 किंवा 100 चे प्रकार. इंडियन ऑइलने एक्सपी-100 डिसेंबर 2020 मध्ये दहा शहरांत आणले. त्यांत मुंबई आणि पुणे होते. नावापुढे आकडा नसेल, तर जास्तीचे पैसे ऑक्टेनचे नसून रसायनांचे आहेत असे समजायला हरकत नाही. शिवाय ब्रँडेड पेट्रोलवर केंद्राचा अबकारी करही साध्यापेक्षा लिटरमागे रुपया-सव्वा रुपया जास्त राहिला आहे. त्या पैशांचा इंजिनाशी काही संबंध नाही.

सफाईच्या रसायनांचा दावा मात्र सरसकट खोटा नाही. इंजेक्टरच्या बारीक छिद्रांत आणि इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साचते आणि डिटर्जंट ती कमी करते. परंतु त्यालाही मर्यादा आहेत. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या नव्या इंजिनांत पेट्रोल व्हॉल्व्हला शिवतच नाही, त्यामुळे तिथली काजळी ते धुऊ शकत नाही. झिजलेली रिंग, सैल चेन, गळका कार्ब्युरेटर यांवर तर कुठलेच पेट्रोल औषध नाही. प्रीमियमची पहिली टाकी भरताच ‘पिकअप वाढला’ असे अनेकांना जाणवते. त्यात मनाचा वाटा बराच असतो, आणि पैसे जास्त मोजले की हात थोडा अधिक पिळला जातो, हाही एक भाग.

नव्या गाड्यांबद्दल उलट दिशेचा गैरसमज आहे. इंजिनाचे संपीडन गुणोत्तर 12 किंवा त्याहून अधिक असल्याचे वाचले, की त्याला 95 शिवाय चालणार नाही असे मानले जाते. पूर्वी ते बरेचसे खरे होते. आता इंजिनावर नॉक सेन्सर असतो. टकटक सुरू होताच संगणक ठिणगीची वेळ किंचित मागे सारतो आणि धोका टळतो. बदल्यात थोडी शक्ती कमी होते. म्हणून टर्बो इंजिनाच्या किंवा महागड्या युरोपीय गाडीच्या माहितीपुस्तिकेत 95 ची शिफारस असेल, तर तिथे प्रीमियमला अर्थ आहे, आणि ‘किमान 95’ असे बजावले असेल तर पर्यायच नाही. ‘किमान 91’ लिहिलेल्या गाडीचा संगणक मात्र जास्तीच्या ऑक्टेनचे फारसे काही करू शकत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ तालुके अशी जुनी विभागणी आहे. रोहिणखेड घाटाखाली, जिल्ह्याचे ठिकाण घाटावर. मोताळ्याकडून राजूर घाट चढताना गाडी टकटक करू लागली, की पेट्रोल हलके असल्याचा निष्कर्ष लगेच काढला जातो. उन्हाळ्यात पारा 44-45 अंशांवर असताना नॉकिंगची शक्यता वाढते हे खरे. पण घाटातल्या टकटकीचे नेहमीचे कारण टाकीत नसून गिअरमध्ये असते. मागे माणूस, पुढे पोते, वरच्या गिअरमध्ये कमी वेगात इंजिन रेटले, की सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते. गिअर एक-दोन पायऱ्यांनी उतरवला की आवाज बहुधा तिथेच थांबतो. आणखी गंमत म्हणजे उंचीवर हवा विरळ असल्यामुळे नेहमीच्या, बिगर-टर्बो इंजिनाची ऑक्टेनची गरज कमी होते. अमेरिकेतल्या रॉकी पर्वताच्या राज्यांत याच कारणाने कमी ऑक्टेनचे पेट्रोलही विकले जाते. बुलढाण्याच्या साडेसहाशे मीटर उंचीने फार फरक पडत नाही, पण जो पडतो तो साध्या पेट्रोलच्या बाजूने.

या सगळ्या चर्चेत इथेनॉलने अलीकडे नवा पेच आणला आहे. भारत स्टेज-2 या प्रदूषण-मानकांच्या काळात साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन 88 होता, भारत स्टेज-3 मध्ये तो 91 झाला. फेब्रुवारी 2023 पासून 20 टक्के इथेनॉल मिसळलेले ई-20 पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि दोन-अडीच वर्षांत तेच सर्वत्र झाले. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार या मिश्रणामुळे ऑक्टेन 95 पर्यंत पोचला आहे. म्हणजे ज्या आकड्यासाठी कालपर्यंत जास्तीचे पैसे मोजले जात, तो आता साध्या नोजलमधूनही मिळतो.

त्याच वेळी ई-20 हे ‘जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ॲव्हरेज’ या समजुतीला मिळालेले सर्वांत चोख उत्तर आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे ऑक्टेन चढतो आणि ॲव्हरेज उतरते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई-10 साठी जुळवलेल्या मोटारींत ई-20 मुळे 6 ते 7 टक्के आणि तशाच दुचाकींत 3 ते 4 टक्के घट अपेक्षिली होती. ई-10 साठी बनवून ई-20 ला जुळवलेल्या मोटारींत ती 1 ते 2 टक्केच धरली होती. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि वॉशर यांची काळजी रास्त आहे, पण 95 चे प्रीमियम घेऊन ती मिटत नाही, कारण इथेनॉल त्यातही मिसळलेले असते.

खरोखर हलके, भेसळीचे पेट्रोल मात्र गाडीचे नुकसान करते. रॉकेल मिसळले की ऑक्टेन घसरतो, आणि मग चांगल्या इंजिनातही टकटक ऐकू येते. पावसाळ्यात भूमिगत टाकीत पाणी शिरले, तर इथेनॉल ते पाणी ओढून घेते आणि पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. अशी गाडी अर्ध्या वाटेत बंद पडते. बोर्डावरच्या मोठ्या आकड्याने यांपैकी एकही धोका टळत नाही. पेट्रोलची घनता पंपावर लिहिलेली असते. फिल्टर पेपर आणि प्रमाणित केलेले पाच लिटरचे माप ठेवणे पंपचालकाला बंधनकारक आहे. कागदावर टाकलेला पेट्रोलचा थेंब उडून गेल्यावर डाग राहिला, तर भेसळीचा संशय घ्यायला जागा आहे. ही तपासणी फुकट होते, आणि ग्राहकाने मागितली तर पंपाला ती नाकारता येत नाही.