लसीची सक्ती झाली अन् सेवेला माणसं कमी पडली. इंग्लंडमध्ये नेमकं काय घडलं?

कोरोनात लसीवरून आपल्याकडं पारापारावर वाद झाले. तसे ते इंग्लंडमध्येही झाले. पण तिथं सरकारनं थेट कायदाच केला. ११ नोव्हेंबर २०२१ पासून केअर होममध्ये काम करायचं तर लसीचे दोन्ही डोस हवेतच. सूट फक्त वैद्यकीय कारणासाठी.

केअर होम म्हणजे जिथं थकलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांना आंघोळ घालायची, घास भरवायचा, रात्री उठून कूस बदलायची. काम कष्टाचं, पगार कमी. पहिल्या लाटेत अशाच ठिकाणी हजारो वृद्ध दगावले होते. त्यामुळं सरकारचा हेतू वाईट होता, असं म्हणता येत नाही.

पण या नियमामुळं सुमारे ४० हजार कर्मचारी काम सोडतील, असा अंदाज खुद्द सरकारनंच आधी काढला होता. तरी नियम लागू झाला. काहींनी नोकरीसाठी लस घेतली, काही निघून गेले. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशोब मांडला. वृद्धांच्या केअर होममधले ३ ते ४ टक्के, म्हणजे १४ ते १९ हजार कर्मचारी या सक्तीमुळं कमी झाले. टक्का छोटा दिसतो खरा. पण तिथं आधीच जागा रिकाम्या होत्या. पाळीतला एक माणूस गेला की त्याच्या वाट्याचे म्हातारे उरलेल्यांच्या अंगावर पडतात. घाईत घास भरवला जातो.

हाच नियम १ एप्रिल २०२२ पासून सरकारी दवाखान्यांनाही लागणार होता. तोवर ओमायक्रॉन आला. हा विषाणू तुलनेनं सौम्य, आणि दोन डोसही त्याला पूर्वीसारखे रोखत नव्हते. ३१ जानेवारीला आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनी माघार जाहीर केली. १५ मार्चला केअर होमचा नियमही रद्द झाला. म्हणजे जेमतेम चार महिने टिकलेला कायदा! पण कायदा गेला म्हणून दुसरीकडं कामाला लागलेली माणसं लगेच परत येत नसतात. त्याच फेब्रुवारीत ब्रिटननं परदेशी केअर कामगारांसाठी व्हिसा सोपा केला, तो या टंचाईपायीच. अर्थात टंचाईचं खापर एकट्या लसीवर फोडता येणार नाही, कमी पगार हे जुनं दुखणं होतंच.

आपल्याकडं १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून लसीकरण सुरू झालं, ते ऐच्छिक होतं. पुढं २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कुणालाही जबरदस्तीनं लस देता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकतं, हेही त्याच निकालात आहे.