हेरकथा : मुलांनी वाचाव्यात का?



ग्रंथालय समितीच्या गेल्या बैठकीत एका प्रश्नावर बराच वेळ चर्चा झाली. शाळेच्या ग्रंथालयात गुप्तहेरांच्या थरारक कादंबऱ्या ठेवाव्यात की ठेवू नयेत? एका पालकांचे पत्र आले होते. अशा पुस्तकांनी मुलांना मारामारी आणि खोटेपणाची गोडी लागते, अभ्यास मागे पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. पत्र मनापासून लिहिलेले होते, त्याला वरवरचे उत्तर देणे योग्य नव्हते. दुसरीकडे ग्रंथपाल ताईंनी देवघेवीची वही समोर ठेवली. आपल्याकडे रहस्यकथांची मोजकीच पुस्तके आहेत, पण त्यांचीच पाने सर्वांत जास्त सैल झालेली आहेत. तेव्हा विश्वस्त मंडळींनी मला सुचवले की, ही पुस्तके असतात तरी कशी, हे सर्वांना कळेल असे लिहावे.

आधी एक फरक लक्षात घेऊ. आपण डिटेक्टिव्ह आणि हेर यांना सरसकट 'जासूस' म्हणतो, पण दोघांची कामे उलट आहेत. डिटेक्टिव्हच्या कथेत गुन्हा होऊन गेलेला असतो आणि 'हे कोणी केले?' हा प्रश्न असतो. तो झाकलेले उघडे करतो. हेर मात्र स्वतःच झाकलेला असतो. त्याचे नाव खोटे, धंदा खोटा, कधी कधी मैत्रीही खोटी. त्याच्या कथेतला प्रश्न पुढचा असतो : 'हा पकडला जाईल का?' आणि चांगल्या कथेत त्याच्या मागे आणखी एक प्रश्न हळूच येतो : 'इतके दिवस खोटे वागून हा माणूस आतून कोण उरला?'

माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे पहिले उदाहरण हिंदीतले देतो. देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' ही कादंबरी १८८८ पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली. खत्री हे काही प्राध्यापक नव्हते. चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके त्यांनी घेतले होते. तिथले पडके किल्ले, गुहा, डोंगर त्यांनी हिंडून पाहिले आणि तेच कादंबरीत आणले. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकुमारी चंद्रकांता आणि मध्ये वजिराचा मुलगा क्रूरसिंह, एवढी साधी गोष्ट. पण ती गोष्ट चालवतात ते ऐयार. ऐयार म्हणजे दरबारी हेरच म्हणा ना. कमरेला बटवा, त्यात बेशुद्ध करण्याची पूड, शुद्धीवर आणण्याचा लखलखा, वेश बदलण्याचे रंग, हातात भिंत चढायची दोरी म्हणजे कमंद. वीरेंद्रसिंहाचा तेजसिंह हा त्यांच्यात सर्वांत हुशार. मुलींनी लक्षात ठेवावे की चंद्रकांतेची मैत्रीण चपला हीसुद्धा पक्की ऐयार आहे आणि ती पुरुष ऐयारांना सहज चकवते.

या ऐयारांना एक शिस्त आहे. पकडलेल्या ऐयाराला ठार मारायचे नाही, कैदेत ठेवायचे. रक्त न सांडता, डोक्याने काम काढायचे. पत्रलेखक पालकांना मला हे आवर्जून सांगायचे आहे, कारण हेरकथा म्हणजे गोळीबार अशी समजूत सिनेमाने करून दिलेली आहे.

आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात खत्रींना उच्च साहित्यात जागा दिली नाही. पण त्याच ठिकाणी त्यांनी मान्य केले की, हिंदीचे जितके वाचक या माणसाने निर्माण केले तितके दुसऱ्या कोणी केले नाहीत. कितीतरी उर्दू वाचणारे लोक केवळ 'चंद्रकांता' वाचता यावी म्हणून नागरी अक्षरे शिकले. एम.ए.ला असताना हे वाचले तेव्हा परीक्षेपुरते लक्षात ठेवले होते. आज मराठी शाळा चालवताना ते वेगळ्या अर्थाने टोचते. आपली मुले घरी मराठी बोलतात, पण जाड पुस्तक हातात घ्यायचे म्हटले की हिंदी नाहीतर इंग्रजी. त्याबद्दल पुढे लिहितोच.

खत्रींनंतर ही परंपरा तुटली नाही. गोपालराम गहमरी यांनी १९०० साली गहमर गावातून 'जासूस' नावाचे मासिकच सुरू केले. अलाहाबादहून १९५२ पासून इब्ने सफी यांची 'जासूसी दुनिया' निघू लागली. त्याच वर्षी ते कराचीला गेले, तरी त्यांची पुस्तके दोन्ही देशांत वाचली जात राहिली. १९५५ पासून त्यांनी इमरान हे पात्र आणले. हा इमरान जगासमोर अगदी बावळट, काहीही बडबडणारा. प्रत्यक्षात तोच गुप्त सेवेचा प्रमुख, आणि हे त्याच्या हाताखालच्या लोकांनाही ठाऊक नाही. बघा, इथे थरार पिस्तुलात नाही. वाचकाला माहीत आहे आणि शेजारी बसलेल्याला माहीत नाही, यात आहे.

माझ्या मते या साऱ्या प्रकाराची किल्ली हीच आहे : कोणाला काय माहीत आहे. मागच्या वर्षी नववीच्या मुलांकडून मी एक प्रयोग करून घेतला. वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात नायकाला माहीत असलेले, दुसऱ्यात शत्रूला माहीत असलेले, तिसऱ्यात फक्त वाचकाला माहीत असलेले. प्रकरण संपले की भरायचे. तिसरा रकाना भरत गेला की जीव वर-खाली होतो. पहिला आणि तिसरा सारखे झाले की कथा थंडावते. मुलांनी हे स्वतः शोधून काढले, मला सांगावे लागले नाही.

याचे सर्वांत नवलाचे उदाहरण म्हणजे इंग्रज लेखक फ्रेडरिक फोर्साइथ यांची 'द डे ऑफ द जॅकल' ही १९७१ ची कादंबरी. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या खुनासाठी भाड्याचा मारेकरी नेमला जातो. आता द गॉल यांचा खून झाला नाही, १९७० मध्ये ते आपल्या घरीच वारले, हे कादंबरी निघाली तेव्हा प्रत्येक वाचकाला माहीत होते. शेवट आधीच फुटलेला. तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. फोर्साइथ १९६२ मध्ये वार्ताहर म्हणून पॅरिसमध्ये होते आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये द गॉल यांच्या मोटारीवर खरोखरच गोळीबार झाला होता. त्या खऱ्या घटनेपासूनच कादंबरी सुरू होते. एकीकडे मारेकऱ्याची शांत तयारी, दुसरीकडे लबेल नावाचा साधासुधा पोलीस अधिकारी फोन, फायली आणि नोंदी चाळत त्याच्या मागे. मारेकरी यशस्वी होणार नाही हे ठाऊक असते, पण कुठे आणि कसा चुकेल हे ठाऊक नसते. उत्कंठा टिकवायला तेवढे पुरते.

जेम्स बाँडबद्दल मुले हटकून विचारतात, म्हणून थोडक्यात. इयन फ्लेमिंग दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होते. त्यांची पहिली बाँडकथा १९५३ ची. नायकाचे नाव त्यांनी पक्ष्यांवरच्या एका पुस्तकाच्या लेखकाकडून उचलले. मोटारी, मद्य, उंची हॉटेले आणि स्त्रियांकडे पाहण्याची एक उथळ नजर. मला ती पुस्तके फारशी रुचत नाहीत आणि शाळेत ती नकोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच्या अगदी उलट टोकाला जॉन ल कॅरे. खरे नाव डेव्हिड कॉर्नवेल (१९३१–२०२०). हे स्वतः ब्रिटिश गुप्त सेवेत नोकरीला होते, म्हणूनच पुस्तकावर खरे नाव घालता येत नव्हते. १९६१ साली बर्लिन शहराच्या मधून भिंत उभी राहिली आणि १९६३ मध्ये त्यांची 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' ही कादंबरी आली. लीमस नावाचा थकलेला हेर भिंतीपाशी रात्री आपल्या माणसाची वाट पाहतो आहे. तो माणूस सायकलवरून येतो आणि लीमसच्या डोळ्यांसमोर गोळी लागून पडतो. इथून सुरुवात. मग लीमसला लंडनला बोलावून शेवटचे एक काम देतात : तू बिघडलेला माणूस हो. दारू पी, नोकरी घालव, भांडण करून तुरुंगात जा, म्हणजे शत्रूला वाटेल की हा आता विकत घेता येईल. लीमस हे सारे करतो. मधल्या काळात तो एका लहानशा ग्रंथालयात कारकुनी करतो (आमच्या ग्रंथपाल ताईंना हे फार आवडले) आणि तिथे लिझ नावाची सरळमार्गी मुलगी त्याच्यावर माया करू लागते. सोंग वठवता वठवता सोंग कुठे संपते आणि खरा माणूस कुठे सुरू होतो, हे त्यालाच कळेनासे होते. शिवाय ज्यांनी त्याला पाठवले त्यांनी त्याला तरी सगळे खरे सांगितले आहे का? शेवट मी सांगणार नाही. पण खोटेपणाची गोडी लागेल असे त्यात काही नाही; ते पुस्तक मिटल्यावर खोट्याची किंमत काय असते ते बरेच दिवस मनात राहते. अकरावी-बारावीच्या मुलांनी ते वाचावे, आणि पालकांनी आधी स्वतः वाचावे.

हे सगळे कल्पनेतले. प्रत्यक्षात काय घडते, यासाठी एक खरे नाव सांगतो आणि त्याचा धागा आपल्या बडोद्याशी जोडलेला आहे. बडोद्यात जन्मलेले संगीतकार आणि सूफी हजरत इनायत खाँ यांची मुलगी नूर इनायत खान. जन्म १९१४, मॉस्को. फ्रान्समध्ये वाढलेली, वीणा वाजवणारी. जातककथांवरचे तिचे मुलांसाठीचे पुस्तक १९३९ साली निघाले होते. ही मुलगी जून १९४३ मध्ये ब्रिटिशांची बिनतारी संदेशवाहक म्हणून जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये गुप्तपणे उतरली. थोड्याच दिवसांत तिचे बरेचसे सहकारी पकडले गेले. परत ये, असे लंडनहून सांगितले, तरी ती थांबली आणि जड यंत्राची पेटी घेऊन घरे बदलत पॅरिसमधून संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबरमध्ये कोणीतरी फितुरी केली आणि ती पकडली गेली. तिच्या खोलीत पाठवलेल्या संदेशांची वही सापडली. ती फाडून टाकायला हवी होती. तिने तोंड उघडले नाही, पळून जाण्याचा प्रयत्न केला, पण त्या वहीच्या आधारे जर्मनांनी तिच्या नावाने लंडनला खोटे संदेश पाठवले आणि तिकडून आलेले आणखी हेर त्यांच्या हाती सापडले. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाउ छावणीत तिला गोळी घालण्यात आली. वय ३०. ब्रिटनने १९४९ मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला. एक साधी वही! कादंबरीतले स्फोट वाचून जे कळत नाही ते या वहीवरून कळते.

म्हणून मुलांना पुस्तक देताना मी दोनच गोष्टी पाहतो. त्यात माणूस मेला तर कोणाला काही वाटते का? आणि शत्रू देशातली सगळी माणसे एकाच काळ्या रंगाने रंगवली आहेत का? पुष्कळशा स्वस्त पॉकेट बुकांत दुसरा दोष असतो. शेजारच्या देशातला प्रत्येक जण दुष्ट, आणि नायक एकटा शंभरांना लोळवणारा. अशी पुस्तके समितीने बाजूला ठेवली, ते योग्यच झाले.

आता मराठीबद्दल. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही नावे आजोबांसमोर नुसती उच्चारून पाहा, त्यांचा चेहरा बदलतो. गोव्याचे गुरुनाथ नाईक यांचीही पुस्तके हजाराच्या वर गेली. त्यांचा कॅप्टन दीप गुप्त कामगिऱ्यांवर जाणारा. लहानांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. तो हेर नव्हे, पण सायकलवरून संकटात शिरतो आणि डोके लढवून बाहेर येतो. वाक्ये छोटी, मराठी खणखणीत. धड्यातले अर्धे पान वाचताना अडखळणारा सहावीतला एक मुलगा फेणेचे पुस्तक दोन दिवसांत संपवून दुसरा भाग मागायला आला, हे ताईंच्या वहीत तारखेसह आहे.

समितीने ठरवले आहे ते असे. पाचवी ते सातवीसाठी फास्टर फेणे. आठवी-नववीसाठी 'चंद्रकांता' मूळ हिंदीतून आणि निवडक अर्नाळकर. मोठ्या वर्गांसाठी फोर्साइथ आणि ल कॅरे, पण वर्गशिक्षकांनी आधी वाचून मगच. अडचण एकच आहे. अर्नाळकर आणि नाईक यांच्या जुन्या प्रती आता दुकानांत सहज मिळत नाहीत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत त्या पडून असतील. रद्दीत देण्याआधी एकदा उघडून पाहाव्यात. पाने पूर्ण असतील तर शनिवारी सकाळी ग्रंथपाल ताईंकडे आणून द्याव्यात. बांधणी शाळा करून घेईल आणि पहिल्या पानावर देणाऱ्यांचे नाव लिहिले जाईल.