सदऱ्याचे गाव कोणते?

मंडळी, तुमच्या अंगावरच्या सदऱ्याचे गाव कोणते, असे कोणी विचारले तर काय सांगाल? कापूस यवतमाळचा, सूत कोइमतूरचे आणि शिलाई ढाक्याची, असेही असू शकते. मग सदरा कोणाचा? प्रश्न गमतीचा खरा. पण परदेशच्या बंदरात जकात पडणार की माफ होणार, हे याच उत्तरावर ठरते. व्यापारात याला उगमाचा नियम म्हणतात.

बांगलादेशाचेच पाहा ना. तयार कपडे परदेशी धाडणाऱ्या देशांत त्याचे नाव अगदी वर. पण त्याच्या शेतात कापूस नावापुरताच पिकतो. युरोपीय संघाने 2001 साली सर्वांत मागासलेल्या देशांचा, शस्त्रे सोडून सारा माल जकातीविना घेण्याचे ठरविले. मात्र कपड्यांना अट होती : नुसती शिलाई नको, कापडही तेथेच तयार व्हावे. 2011 पासून ही अट सैल झाली. आणलेल्या कापडाचा शिवलेला सदराही चालू लागला.

आता शेजाऱ्यांचे. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारावर 2004 साली इस्लामाबादेत सह्या झाल्या आणि 2006 पासून तो अमलात आला. तरी प्रत्येक देशाने 'या मालाला सूट नाही' अशी आपापली यादी राखलीच, आणि कापडचोपड बहुधा त्या यादीत! 2011 साली भारताने बांगलादेशाच्या कपड्यांवरील जकात उठविली.

तुम्ही म्हणाल, यात आपल्या शिवणाऱ्यांचे नुकसान नाही का? थोडी झळ लागतेच, ती नाकारू नये. परंतु ढाक्याचा सदरा खपला, की त्यामागे आपला कापूस आणि सूतही खपते. गिऱ्हाईक तुटले तर झळ विदर्भातल्या बांधापर्यंत येते.

2025 साली तसा प्रसंग आला. एप्रिलमध्ये बांगलादेशाने भारतीय सूत खुष्कीच्या नाक्यांवरून घेणे थांबविले; मे महिन्यात भारताने तेथील तयार कपड्यांना खुष्कीची वाट बंद करून कोलकाता व न्हावा शेवा ही दोनच बंदरे मोकळी ठेवली. जकात वाढली नव्हती, पण वाट लांबली. आणि वाट लांबली की भाडे वाढते, वेळ जातो.

तात्पर्य इतकेच : करार कागदावर होतो, व्यापार मात्र वेशीच्या दारातून चालतो. गुरुजनहो, उद्या वर्गात मुलांना एकेका सदऱ्याचा कापसापासूनचा प्रवास नकाशावर काढायला सांगा. भूगोल आणि अर्थशास्त्र, दोन्ही एकाच धाग्यात ओवले जातील.