ज्वारीचं पंचांग

जामखेड-कर्जतच्या पट्ट्यात रब्बीची ज्वारी येते ती परतीच्या पावसाच्या ओलीवर. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. याच ज्वारीचं मालदांडी वाण कुणी जूनमध्ये पेरलं तर ताटं नुसती उंच वाढत राहतात, कणीस येणं लांबतच जातं. पाणी असतं, ऊब असते. नसते ती लांब रात्र. नगरला जूनअखेरीचा दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरातला अकरा तासांचा. पानांतलं रंगद्रव्य अंधार मोजतं आणि फुलोरा अडवून धरणारी जनुकं त्यानुसार आपली पकड सोडतात. अमेरिकेत क्विन्बी आणि कार्पर यांनी १९४५ मध्ये ज्वारीच्या या जनुकांचा माग काढला.

पण पाऊसच मागेपुढे सरकू लागला तर हे पंचांग बदलतं का? ओरेगन विद्यापीठात जीवशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले विल्यम ब्रॅडशॉ यांनी पत्नी आणि सहसंशोधक क्रिस्टिना होल्झापफेल यांच्यासोबत अशाच प्रश्नामागे कारकीर्द घातली, तीही एका डासापायी! घटपर्णीतल्या पाण्यात वाढणाऱ्या या डासाच्या अळ्या दिवस लहान झाले की सुप्तावस्थेत जातात. १९७२ आणि १९९६ मधल्या अळ्यांची तुलना त्यांनी २००१ मध्ये मांडली. उत्तरेकडच्या अळ्या आता सुमारे नऊ दिवस उशिरा सुप्तावस्थेत जात होत्या. प्रयोगशाळेत प्रकाशाचे तास ठरवून दिलेले, म्हणजे फरक हवेतला नव्हता, जनुकांतला होता. गंमत अशी की त्यांची उष्णता सोसण्याची ताकद वाढलेली दिसली नाही. बदललं ते वेळापत्रक. हवामानबदल म्हटलं की आपण फक्त तापमापीकडे बघतो, ते अपुरं आहे.

डासांत ही निवड निसर्गाने केली. ज्वारीचं बियाणं माणूस निवडतो, तेव्हा हे काम पैदासकाराच्या गळ्यात पडतं. मालदांडी सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर निवडली गेली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे जमिनीच्या खोलीनुसार वाण दिले: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यम रानाला फुले सुचित्रा, भारी रानाला फुले वसुधा. हिशेब सरळ आहे. उथळ रानातली ओल लवकर संपते, म्हणून अनुराधा १०५ ते ११० दिवसांत हाती येते. वसुधाला ११६ ते १२० लागतात.

तेव्हा यंदा शेजाऱ्याचं बघून वाण ठरवू नका. आधी रानात कुदळ मारा आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते बघा.