काढायचं निवडायचं की ठेवायचं? पायथॉनची डिक्शनरी साफ करताना

मंडळी, आपण म्हणतो 'तांदूळ निवडतो', पण हाताने वेचतो ते खडे. काढायचं ते वेचावं की ठेवायचं ते? पायथॉनमध्ये हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो.

डिक्शनरी म्हणजे किल्ली आणि तिचं मूल्य अशा जोड्या. समजा, एका दवाखान्याचा औषधसाठा आहे. किल्ली म्हणजे औषधाचं नाव, मूल्य म्हणजे शिल्लक गोळ्या. शिल्लक शून्य असलेल्या नोंदी काढायच्या आहेत. सहज सुचतं ते असं: फॉर लूपने एकेक नोंद बघायची आणि शून्य दिसलं की तिथल्या तिथे 'डेल'ने उडवायची. पण नोंद उडवून लूप पुढचं पाऊल टाकायला गेलं, की पायथॉन एरर देतं: फिरता फिरता डिक्शनरीचा आकार बदलला! तक्रार रास्त आहे. शिरगणती चालू असताना रांगेतून माणसं काढली, तर कोण मोजलं गेलं आणि कोण राहिलं, हे कसं सांगणार?

मग मार्ग दोन. पहिला खडे वेचण्याचा. शून्यवाल्या किल्ल्यांची आधी वेगळी लिस्ट करा, मग त्या लिस्टवर फिरत मूळ डिक्शनरीतून नोंदी काढा. दुसरा मार्ग चांगले दाणे दुसऱ्या ताटात घेण्याचा, म्हणजे डिक्शनरी कॉम्प्रिहेन्शन. इथे अट उलटी होते: शिल्लक शून्य नाही, त्या नोंदी घ्या. एका ओळीत नवी डिक्शनरी तयार होते.

सुटसुटीत आहे, पण ताट बदललं, हे ध्यानात ठेवा. नव्या डिक्शनरीला 'साठा' हेच जुनं नाव दिलं, तरी नाव म्हणजे वस्तू नव्हे. औषध देणारी खिडकी, म्हणजे प्रोग्रामचा दुसरा भाग, जुनीच डिक्शनरी धरून बसलेली असू शकते. तिने दिलेल्या गोळ्या जुन्या साठ्यातून वजा होतील, नव्यातून नाही. आणि एरर? एकही येणार नाही.

'सारखं' आणि 'तेच' यांतला भेद तत्त्वज्ञानात फार जुना आहे. पायथॉन तो पाळतं. दोन बरोबरची चिन्हं जोडून लिहिली, तर 'सारखं आहे का?' असा प्रश्न होतो. 'इज' विचारतं, 'तेच आहे का?'

म्हणून कोड लिहिण्याआधी एवढंच विचारा: ही डिक्शनरी आणखी कुणाच्या हातात आहे? असेल, तर तिच्यातूनच नोंदी काढा. एकट्या तुमचीच असेल, तर खुशाल नवं ताट घ्या.